खासगीकरण : भिवंडीचा धडा, शहापूर-मुरबाडचा प्रश्न

तोट्यातील सरकारी उपक्रम खासगी हाती दिला की तो सुधारतो, असा एक समज आहे. तो दिला की लोकांची लूट होते, असा दुसरा. या दोन्ही समजांची पडताळणी करण्यासाठी ग्रामीण ठाणेकरांना फार दूर जावे लागत नाही. शहापूरला लागून असलेल्या भिवंडी तालुक्यात वीज वितरणाचा असा प्रयोग २००७ पासून सुरू आहे.

वीज कायदा, २००३ नुसार ६ जून २००५ रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन झाले आणि वितरणाचा भार सरकारी मालकीच्या 'महावितरण'कडे आला. त्या काळात भिवंडीत पुरविलेल्या निम्म्याहून अधिक विजेचे पैसेच हाती येत नव्हते. अखेर २६ जानेवारी २००७ पासून तेथील वितरण टोरंट पॉवर कंपनीकडे सोपविण्यात आले.

हे संपूर्ण खासगीकरण नव्हे. परवाना आणि मूळ यंत्रणेची मालकी महावितरणकडेच राहते. फ्रँचायझी कंपनी ठरलेल्या दराने वीज घेते आणि नियामक आयोगाने निश्चित केलेल्या दराने ग्राहकांकडून वसुली करते. गळती जितकी कमी, तितका कंपनीचा लाभ अधिक. त्यामुळे रोहित्रे, वाहिन्या व मीटर बदलण्यावर खर्च करणे तिच्याच हिताचे ठरले. काही वर्षांत गळती २० टक्क्यांच्या आसपास आली. जादा बिलांच्या तक्रारी आणि त्यावरून आंदोलनेही मात्र झाली.

हीच पद्धत २०११ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), जळगाव व नागपूर येथे अवलंबिण्यात आली. औरंगाबादचा करार २०१४ मध्ये, तर जळगावचा २०१५ मध्ये संपुष्टात आला. नागपूरचे वितरण सप्टेंबर २०१९ मध्ये महावितरणकडे परतले. पद्धत तीच, फळ मात्र निराळे. गुंतवणुकीची ऐपत, वीजखरेदीसाठी बोलीत कबूल केलेला दर आणि थकबाकी यांवर सारे अवलंबून राहिले.

समाजवादी व्यवस्थेतून बाहेर पडलेल्या देशांचा अनुभव याहून वेगळा नाही. रशिया व चेकोस्लोव्हाकियात १९९२ पासून नागरिकांना कुपने वाटून कारखान्यांचे समभाग देण्यात आले. कागदोपत्री मालक बदलले; परंतु विखुरलेल्या भागधारकांचा व्यवस्थापनावर वचक नव्हता. जेथे भांडवल व अनुभव असलेला मालक आला, स्पर्धा होती आणि कायद्याचा धाक होता, तेथे कंपन्यांची कामगिरी सामान्यतः अधिक सुधारली.

शहापूर-मुरबाडपुढील प्रश्न याहून बिकट आहे. फ्रँचायझीसाठी निवडली गेली ती प्रामुख्याने दाट वस्तीची शहरे. मार्च २०२० मध्ये शीळ-मुंब्रा-कळवा परिसरही टोरंटकडे गेला. जंगलातून जाणाऱ्या लांबलचक वाहिन्या, विखुरलेले पाडे आणि प्रतिघर अत्यल्प वापर असलेल्या तालुक्यांत कंपनीला नफा दिसणे कठीण. औद्योगिक व व्यापारी ग्राहकांच्या चढ्या दरांतूनच ग्रामीण ग्राहकांच्या सवलतीचा काही भार उचलला जातो. नफ्याचे ग्राहक खासगी कंपन्यांकडे गेले, तर हा भार कोणी वाहायचा?

म्हणूनच 'सरकारी की खासगी' या वादापेक्षा करारातील अटी महत्त्वाच्या आहेत. गुंतवणूक किती, तक्रारींवर देखरेख कोणाची आणि शेवटच्या पाड्यावरील बिघाड किती तासांत दुरुस्त होणार, हे लेखी ठरविल्याशिवाय केवळ व्यवस्थापन बदलून दिवा लागत नाही.