वाऱ्याचे वळण

मे संपत आला की माणिकपूरचा माणूस पावसाची वाट पाहताना नैर्ऋत्येकडे तोंड करतो. पाऊस तिकडूनच का यावा, हे मात्र आपण सहसा विचारीत नाही. हे वारे निघतात दक्षिण गोलार्धातून, आणि तिथे ते आग्नेयेकडून वाहत असतात. विषुववृत्त ओलांडले की ते उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्येकडून आपल्या दारी येतात. हे वळण ज्यामुळे पडते त्याला कोरिऑलिस बल म्हणतात.

घरी करून पाहण्यासारखी गोष्ट आहे. पुठ्ठ्याची तबकडी टाचणीवर बसवा. एकाने ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट सावकाश फिरवावी; दुसऱ्याने वर पट्टी स्थिर धरून तिच्या कडेने मध्यापासून बाहेर खडू ओढावा. हात सरळ गेला, तरी तबकडीवरची रेघ उजवीकडे वाकलेली दिसेल. तबकडीवर बसलेल्या मुंगीला वाटेल, खडूला कोणीतरी ढकलले. ढकलले कोणीच नाही. खालची तबकडी सरकली. उत्तर गोलार्धात आपण त्या मुंगीच्या जागी आहो.

विषुववृत्तावरची जमीन पूर्वेकडे ताशी सुमारे १६७० किलोमीटर वेगाने जाते, वसईची सुमारे १५७५. तिकडून येणारी हवा तो जादा वेग बरोबर घेऊन निघते, म्हणून ती पूर्वेकडे, म्हणजे स्वतःच्या उजवीकडे, कलते. (पूर्व-पश्चिम जाणारी वस्तूही वळते, पण कल्पना येण्यास एवढे पुरे.) मोरीतल्या पाण्याचा भोवरा ह्यामुळेच होतो असे पुष्कळ जण सांगतात. ते खरे नव्हे. एवढ्याशा पाण्यावर हे बल नगण्य असते.

गास्पार कोरिऑलिस हा फ्रेंच इंजिनियर. त्याला वाऱ्याशी कर्तव्य नव्हते. १८३५ साली तो फिरत्या यंत्रांचा हिशेब करीत होता. यंत्रशास्त्रात 'कार्य' ह्या शब्दाला नेमका अर्थ त्यानेच १८२९ साली दिला. कामाचे मोजमाप हा आम्हा युनियनवाल्यांचा जन्माचा विषय, म्हणून हा गृहस्थ मला जवळचा वाटतो. गंमत अशी की त्याच्या नावाचे बल स्वतः काहीच कार्य करीत नाही. ते दिशा बदलते, वेग वाढवीत नाही.

आता वादळाकडे वळू. समुद्रावर हवेचा दाब एके जागी उतरला की चहूकडून हवा तिकडे धावते. धावताना ती उजवीकडे सरकते. त्यामुळे मध्य तिच्या डाव्या हाताला राहतो आणि ती त्याच्याभोवती घड्याळाच्या उलट फिरू लागते. यावरून डच शास्त्रज्ञ बाइस बॅलट याने १८५७ साली एक सोपा नियम सांगितला: वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, वादळाचा मध्य तुमच्या डावीकडे असतो.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले. मध्य आपल्या दक्षिणेस, म्हणून आपल्याकडचा वारा पूर्वेच्या अंगाचा, जमिनीवरून समुद्राकडे. १७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' मात्र मुंबईच्या पश्चिमेने समुद्रातूनच उत्तरेकडे गेले. तेव्हा वारा दक्षिणेच्या अंगाने आला, आणि कुलाब्यास ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला.

त्याच दिवशी बॉम्बे हाय तेलक्षेत्रातला पी-३०५ हा बार्ज नांगरावरून सुटून वाहवत गेला आणि बुडाला. वर २६१ माणसे होती. सत्तराहून अधिक दगावली. हवामान खात्याचा इशारा काही दिवस आधीच निघाला होता. वादळ कोणत्या अंगाला आहे हे बार्जवरच्या वेल्डरलाही डावा हात पसरून सांगता येईल. पण परत कधी फिरायचे हे त्याला कोणी विचारीत नाही. इशारा मिळताच किनाऱ्यावर आणले जाण्याचा हक्क कंत्राटी कामगाराला लेखी मिळावा, ही मागणी मी तेव्हापासून प्रत्येक सभेत मांडतो आहे.