अड्यारचे घर : पूर आणि टंचाईच्या मधोमध

डिसेंबर २०१५ च्या पहिल्या आठवड्यात चेन्नईतील अड्यार नदीकाठच्या वस्त्यांमधील तळमजले पाण्याखाली गेले. पुढे अवघ्या साडेतीन वर्षांनी, १२ जुलै २०१९ रोजी, सुमारे दोनशे किलोमीटर अंतरावरील जोलारपेट्टैहून ५० वाघिणींची रेल्वेगाडी २५ लाख लिटर पाणी घेऊन याच शहरात दाखल झाली. अड्यारमध्ये स्वतःचे घर असणाऱ्या कुटुंबाला एकाच इमारतीत राहून या दोन्ही संकटांची तयारी ठेवावी लागते. ही तयारी कोण करतो, तिचा खर्च कोणावर पडतो, हा अर्थशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आहे.

महाराष्ट्रातील वाचकांना परिचित असलेले पावसाचे वेळापत्रक येथे उलटे आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्री ओलांडून पूर्व किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत बरेच कोरडे झालेले असतात. चेन्नईच्या सुमारे १४०० मिलिमीटर वार्षिक पावसापैकी साधारणतः ६० टक्के पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर पडतो. तोही संथ झड लागून पडत नाही. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे पट्टे आणि चक्रीवादळे यांच्यावर तो अवलंबून असतो. असा एखादा पट्टा किनाऱ्यालगत रेंगाळला तर पूर येतो आणि थोडा उत्तरेकडे सरकून गेला तर वर्ष कोरडे जाते. म्हणजे सरासरी पर्जन्यमान पुरेसे असले, तरी त्या सरासरीवर विसंबून घर बांधता येत नाही. उन्हाळ्याची तीव्रता वेगळीच : ३१ मे २००३ रोजी चेन्नईत ४५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. गच्चीवर विटांचे तुकडे आणि चुना यांचा जाड थर देण्याची जुनी मद्रासी पद्धत या उन्हापासूनच बचाव करणारी होती.

नोव्हेंबर २०१५ मध्ये शहरात एक हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. १९१८ नंतरचा तो सर्वाधिक पावसाचा नोव्हेंबर होता. जमीन आणि तलाव तुडुंब भरलेले असतानाच १ डिसेंबरला तांबरम येथे चोवीस तासांत ४९ सेंटिमीटर पाऊस कोसळला. चेंबरम्बाक्कम जलाशयाची क्षमता ३,६४५ दशलक्ष घनफूट आहे. तेथून सेकंदाला २९,००० घनफूट इतका विसर्ग अड्यार नदीत सोडण्यात आला. जलाशयाखालच्या भागातील ओसंडलेल्या तलावांचे पाणी त्यात मिसळले. २०१८ मध्ये राज्य विधानसभेत मांडलेल्या अहवालात नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी ही आपत्ती मानवनिर्मित असल्याचे नमूद केले. सैदापेट व कोट्टूरपुरम येथील रहिवाशांना मात्र विसर्गाची पूर्वसूचना वेळेवर मिळाली असती, तर निदान कागदपत्रे आणि वृद्ध माणसे वरच्या मजल्यावर नेता आली असती. २६ जुलै २००५ रोजी मिठी नदीकाठच्या मुंबईकरांनी अनुभवलेली स्थिती यापेक्षा फार वेगळी नव्हती.

उंच जोते आणि शेजारी

अशा अनुभवानंतर घरमालक प्रथम जोते उंच करतो. रस्त्याचा जुना थर न खरवडता त्यावर नवे डांबर टाकले जात असल्याने चेन्नईतील अनेक जुनी घरे रस्त्याच्या पातळीखाली गेली आहेत. त्यामुळे जॅक लावून संपूर्ण घर काही फूट वर उचलण्याचा व्यवसायच तेथे उभा राहिला आहे. त्या कुटुंबापुरता हा खर्च योग्य ठरतो. परंतु एकाने भूखंडात भराव घातला की तेथे साचणारे पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जाते. मग त्यालाही भराव घालावा लागतो. एकाच्या निर्णयाचा भार, व्यवहारात सहभागी नसलेल्या दुसऱ्यावर पडणे यालाच अर्थशास्त्रात ऋण बाह्यता म्हणतात. सर्वांनी खर्च करूनही गल्लीतील पाणी कमी होत नाही.

विंधन विहिरींच्या बाबतीत हेच उलट्या दिशेने घडते. २०१९ च्या उन्हाळ्यात पुंडी, चोळावरम, पुळल आणि चेंबरम्बाक्कम हे चारही जलाशय जवळपास कोरडे पडले, तेव्हा ज्याची विंधन विहीर अधिक खोल त्याला पाणी मिळाले. चेन्नई महानगर क्षेत्रात भूजल उपशाचे नियमन करणारा कायदा १९८७ पासून अस्तित्वात आहे. तरीही भूजल ही सामाईक संपत्ती असल्याने प्रत्येकाला अधिक उपसा करण्याचा मोह होतो. अड्यारसारख्या समुद्रालगतच्या भागात त्याची किंमत खाऱ्या पाण्याच्या रूपाने मोजावी लागते, आणि ती उथळ विहीर असणाऱ्यालाही चुकत नाही.

गच्चीवरचे पाणी

या पार्श्वभूमीवर तमिळनाडू शासनाने २००३ मध्ये अध्यादेशाद्वारे जुन्या-नव्या सर्व इमारतींना पर्जन्यजल संधारण सक्तीचे केले. याचे गणित सोपे आहे. १०० चौरस मीटर गच्चीवर वर्षाला १४०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील ८० टक्के पाणी हाती आले, तर ते १,१२,००० लिटर भरते. दरडोई १३५ लिटर या प्रमाणाने चौघांच्या कुटुंबाला ते सुमारे सात महिने पुरेल. अर्थात, काही दिवसांतच कोसळणारे एवढे पाणी साठविण्याइतकी टाकी सामान्य घरात शक्य नाही. म्हणून बहुतांश पाणी शोषखड्ड्यातून जमिनीत मुरवावे लागते. किनाऱ्यालगतची वाळूमिश्रित जमीन त्यास अनुकूल आहे.

येथे बाह्यता धन स्वरूपाची आहे. मुरविलेले पाणी शेजाऱ्याच्याही विहिरीत उतरते आणि रस्त्यावर वाहणारा लोंढा तेवढाच कमी होतो. परंतु ज्याचा लाभ सर्वांना, त्यावर खर्च करण्यास कोणी फारसा उत्सुक नसतो. म्हणूनच सक्ती आवश्यक ठरली. आणि म्हणूनच तपासणी थांबताच अनेक शोषखड्डे गाळाने बुजले. बांधकामासाठी धडाडी दाखविणारी यंत्रणा देखभालीच्या वेळी थंडावते, हा दोष केवळ चेन्नईचा नाही.

उरलेली जोखीम विम्याकडे सोपविता येते. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांना बंधनकारक केली. पूर, वादळ, भूकंप यांचे संरक्षण तिच्यात अंतर्भूत आहे. घरातील सामानालाही इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपये, एवढे संरक्षण आपोआप मिळते. तथापि, पुराची भीती असणारेच विमा घेऊ लागले तर हप्ते वाढतात आणि इतर ग्राहक दूर जातात. ही प्रतिकूल निवडीची अडचण टाळायची, तर सुरक्षित भागातील घरेही विम्याच्या कक्षेत यावी लागतात.

ज्यांचे घर काठावर होते

आतापर्यंतचे सर्व उपाय मालकी हक्काची कागदपत्रे असणाऱ्यांचे आहेत. नदीपात्रालगतच्या झोपडीला ना जोते, ना गच्ची, ना विमा. २०१५ नंतर अड्यारकाठच्या अनेक कुटुंबांना पेरुंबाक्कम येथील बहुमजली सदनिकांमध्ये हलविण्यात आले. पुराच्या धोक्यातून सुटका, असे त्याचे समर्थन होते. घरकाम किंवा हातगाडीवर उपजीविका करणाऱ्यांच्या बाबतीत कामाचे ठिकाण आणि घर यांच्यातील वाढलेले अंतर हीदेखील एक किंमतच होती. पुनर्वसनाच्या हिशेबात ती क्वचितच धरली जाते. शिवाय पेरुंबाक्कम वसले आहे ते पळ्ळिकरणै पाणथळ क्षेत्राच्या परिसरात. या पाणथळीचा २०२२ मध्ये रामसर यादीत समावेश झाला. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पावसाने चेन्नईला झोडपले, तेव्हा पेरुंबाक्कमच्या रस्त्यांवरही पाणी साचले होते.