छतावरील ऊन आणि घरातील गारवा

वऱ्हाडच्या उन्हाळ्याची ओळख कारंजा लाडच्या रहिवाशांस नव्याने करून देण्याची गरज नाही. श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान व कापसाची जुनी बाजारपेठ म्हणून ख्यात असलेल्या वाशीम जिल्ह्यातील या नगरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांपलीकडे जातो. जुन्या वाड्यांच्या जाड भिंती हा ताप बराचसा बाहेरच थोपवीत. सिमेंटचे छत मात्र दिवसभर तापते आणि साठविलेली उष्णता रात्री घरात सोडते. वृद्ध, बालके व रुग्ण यांना त्याचा त्रास अधिक होतो. त्यामुळे कूलरच्या जोडीला वातानुकूलन यंत्र, म्हणजेच एसी, मध्यमवर्गीय घरांतही येऊ लागला आहे. वाढलेले वीजबिल पाहून छतावर सौर संच बसविल्यास एसी फुकट चालेल काय, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. त्याचे उत्तर थोड्या हिशेबाअंती मिळते.

आधी बचत, मग निर्मिती

न वापरलेले युनिट हे सर्वांत स्वस्त युनिट होय. छतास चुन्याचा पांढरा थर देणे, पश्चिमेच्या खिडक्यांवर सावली करणे आणि दारांच्या फटी बुजविणे या उपायांनी एसीवरील भार कमी होतो. यंत्र घेताना ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारांकन पाहावे. हे निकष २०१८ व २०२२ मध्ये अधिक कडक करण्यात आले. म्हणून केवळ तारे न मोजता लेबलावरील वर्षही पाहावे. ‘इन्व्हर्टर’ एसीमध्ये काँप्रेसरचा वेग गरजेनुसार कमी-जास्त होतो, म्हणून वीज कमी लागते. बॅटरीवर चालणाऱ्या घरगुती इन्व्हर्टरशी त्याचा संबंध नाही. तापमान एक अंशाने वाढवून ठेवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते. २६ अंशांवर एसी व सोबत मंद पंखा ही व्यवस्था पुरेशी सुखकर ठरते.

हिशेब कसा करावा?

एक किलोवॉटच्या सौर संचास सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि त्यापासून दररोज सरासरी चार युनिट वीज मिळते. समजा, एका कुटुंबाचा दिवे, पंखे व फ्रीज यांचा रोजचा वापर पाच युनिट आहे. दीड टनाचा कार्यक्षम एसी रात्री आठ तास चालविल्यास सुमारे सात युनिट अधिक लागतील. म्हणजे उन्हाळ्यात दिवसाला १२ व महिन्याला ३६० युनिट झाले. महावितरणच्या घरगुती दरांचे टप्पे १००, ३०० व ५०० युनिटांवर बदलतात. एसीमुळे हे कुटुंब तिसऱ्या, महागड्या टप्प्यात जाते.

तीन किलोवॉटचा संच ही संपूर्ण गरज भागवू शकेल. दोन किलोवॉटचा संच महिन्याला सुमारे २४० युनिट देईल व उरलेली १२० युनिटे तुलनेने कमी दराने घ्यावी लागतील. २०२४ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजनेत दोन किलोवॉटसाठी ६० हजार, तर तीन किलोवॉट वा अधिक क्षमतेसाठी ७८ हजार रुपये केंद्रीय अनुदान आहे.

येथे एक बाब ध्यानात घ्यावी. ऊन दिवसा असते, एसी मात्र बहुधा रात्री चालतो. ही तफावत नेट मीटर भरून काढतो. दिवसा जादा झालेली वीज वाहिनीत जाते व तिची नोंद ग्राहकाच्या खाती जमा होते. परंतु हे खाते आर्थिक वर्षाअखेर, ३१ मार्च रोजी मिटविले जाते आणि शिलकी युनिटांना मिळणारा दर कमी असतो. आपला कडक उन्हाळा नेमका एप्रिलमध्ये सुरू होतो. हिवाळ्यातील शिल्लक मे महिन्यातील एसीला उपयोगी पडत नाही. म्हणून वर्षभराची सरासरी न काढता उन्हाळ्यातील दोन-तीन महिन्यांची बिले समोर ठेवूनच क्षमता ठरवावी. बिल शून्य युनिटांचे आले तरी स्थिर आकार भरावाच लागतो, हेही ग्राहकांस सांगावयास हवे.

दोन गैरसमज

वीजपुरवठा खंडित झाला तरी सौर संचावर एसी चालू राहील, हा पहिला गैरसमज. वाहिनीस जोडलेला साधा संच अशा वेळी आपोआप बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जीविताच्या रक्षणासाठी ही योजना आहे. भारनियमनातही वीज हवी असल्यास बॅटरीसह संच घ्यावा लागतो व त्याचा खर्च बराच वाढतो.

ऊन जितके कडक तितकी वीज अधिक, हा दुसरा गैरसमज. सौर पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानास धरून सांगितलेली असते. त्यापुढे दर अंशास उत्पादन सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. मे महिन्यात पॅनेल ६० अंशांपर्यंत तापल्यास दहा टक्क्यांहून अधिक घट संभवते. म्हणून पॅनेल छतापासून उंचावर, खालून हवा खेळेल असे, दक्षिणाभिमुख व सुमारे २० अंश कलते ठेवावेत आणि त्यांवरील धूळ वरचेवर धुवावी.

वरील माहिती नागरिकांपर्यंत पोहोचविण्यात शिक्षक व पंचायत सदस्य यांचा वाटा मोठा ठरू शकतो. विद्यार्थ्यांकडून घरच्या वीजबिलाचे वाचन करवून घेणे, ग्रामसभेत नेट मीटर समजावून देणे, अर्जापूर्वी प्रचलित नियम महावितरणच्या कार्यालयात पाहावयास सांगणे, इतके झाले तरी अनेक कुटुंबांचा पैसा चुकीच्या खरेदीत अडकणार नाही. वऱ्हाडास ऊन उदंड लाभले आहे. हिशेब नीट मांडल्यास तेच ऊन घराघरांत गारवा आणील.