सांगोल्याच्या खात्यातील १९२ मते

डिसेंबर उजाडला की नागपूरच्या सिव्हिल लाइन्सचे रूप काही दिवसांपुरते पालटते. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला जी आश्वासने मिळाली, त्यांपैकी सर्वांत ठळकपणे पाळले गेलेले म्हणजे विधिमंडळाचे नागपूर अधिवेशन. आमदार निवासाच्या खोल्या उघडतात, मोर्चांमुळे रस्ते अडतात, इतवारीकडे निघालेला माल तास-दोन तास खोळंबतो. व्यापारी कुरकुरतो खरा, पण संध्याकाळी दुकानात बसून कोणता आमदार कोणत्या गाडीतून आला याची चर्चाही तोच चवीने करतो. या चर्चेत वर्षानुवर्षे एक नाव हटकून निघत असे, आणि ते निघत असे गाडी नसल्यामुळे. ते नाव सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याचे आमदार गणपतराव देशमुख यांचे.

१९६२ साली शेतकरी कामगार पक्षाचे उमेदवार म्हणून गणपतराव प्रथम विधानसभेवर निवडून आले, तेव्हा महाराष्ट्र राज्य अवघे दोन वर्षांचे होते. २०१९ मध्ये वयोमानामुळे त्यांनी निवडणूक लढवायची नाही असे ठरविले, तेव्हा त्यांच्या नावावर अकरा विजय जमा होते, तेही एकाच मतदारसंघातून आणि एकाच पक्षातर्फे. पेशाने ते वकील. मंत्रिपद त्यांना दोनदा मिळाले, १९७८ मध्ये शरद पवारांच्या आणि १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. परंतु त्यांची ओळख ‘माजी मंत्री’ अशी कधी झाली नाही. लोक त्यांना ‘आबा’ म्हणत आणि आमदार म्हणूनच ओळखत.

अकरा विजयांचा हिशेब वहीत मांडून पाहण्यासारखा आहे. १९६२ आणि १९६७ हे पहिले दोन. १९७२ मध्ये काँग्रेसपुढे पराभव, १९७४ च्या पोटनिवडणुकीत पुन्हा विजय. त्यानंतर १९७८, १९८०, १९८५ आणि १९९०. १९९५ मध्ये पराभव. मग १९९९, २००४, २००९ आणि २०१४. आमदारकीची पन्नास वर्षे म्हणून २०१२ मध्ये त्यांचा गौरव झाला. काटेकोर बेरीज केली तर त्या वेळी प्रत्यक्ष सभागृहातील वर्षे चव्वेचाळीसच्या आसपास भरतात. खरे अर्धशतक त्यांनी २०१४ च्या विजयानंतर पूर्ण केले. गौरव करणाऱ्यांनी मधले खंड सोडून दिले, यात वावगे काही नाही. मात्र या माणसाचे मोल समजायचे असेल तर ते खंडच आधी पाहिले पाहिजेत.

आणखी एक दुरुस्ती. त्यांच्या विजयांना अनेकदा अखिल भारतीय विक्रम म्हटले जाते. तसे नाही. तामिळनाडूत करुणानिधी तेरा वेळा विधानसभेवर निवडून आले, केरळमध्ये के. एम. मणी हे एकट्या पाला मतदारसंघातून तेरा वेळा विजयी झाले. परंतु करुणानिधी अनेकदा मुख्यमंत्री होते आणि मणींकडे दीर्घकाळ राज्याच्या अर्थखात्याच्या किल्ल्या होत्या. सत्तेच्या सावलीत मते राखणे आणि बहुतेक काळ विरोधी बाकावर बसून मते राखणे, या दोहोंतला फरक पेढीवर बसणाऱ्याला वेगळा सांगावा लागत नाही. एकाच्या मागे भांडवल असते, दुसऱ्याजवळ केवळ पत.

आता ते १९९५ साल. काँग्रेसचे शहाजीबापू पाटील यांनी गणपतरावांना हरविले, आणि तेही अवघ्या १९२ मतांनी. जवळपास सत्तर वर्षांचा नेता, सात विजयांचा धनी, आणि निकाल असा की दोन-तीन वाड्यावस्त्यांनी मन बदलले असते तर तो फिरला असता. एवढ्या थोड्या मतांनी हरलेला मनुष्य सहसा दोनांपैकी एक वाट धरतो. एक तर तो पराभवाचे खापर दुसऱ्यावर फोडत बसतो, नाही तर ज्या पक्षाची हवा आहे त्या पक्षाच्या दारात जाऊन उभा राहतो. त्या काळी शेकापची हवा कुठेच उरलेली नव्हती. सहकारी संस्थांचे जाळे असलेले मोठमोठे नेते पक्ष बदलत होते. सांगोल्यात मात्र साडेचार वर्षे तोच पक्ष, तीच माणसे आणि पाण्याचा तोच प्रश्न घेऊन काम सुरू राहिले. १९९९ मध्ये जागा परत आली आणि पुढची वीस वर्षे टिकली.

पाण्याचा प्रश्न म्हणजे काय, हे नागपूरकरांना थोडे सांगावे लागेल. सांगोला हा माणदेशाकडचा कायमचा दुष्काळी तालुका. माण नदी वर्षातील बराच काळ कोरडी, पाऊस तुटपुंजा. खिलार जनावरे, मेंढ्या आणि पुढे डाळिंब यांवर संसार चालणार. कृष्णेचे पाणी उचलून या पट्ट्याला द्यावे, या मागणीसाठी क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासमवेत गणपतरावांनी आटपाडीच्या पाणी परिषदांतून तेरा दुष्काळी तालुक्यांची मोट बांधली. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांची नावे त्या भागात देवस्थानांसारखी उच्चारली जातात. काम मात्र अतिशय संथ झाले. एवढी वर्षे एकच आमदार असताना तालुक्याची तहान भागायला इतका काळ का लागावा, हा टीकाकारांचा प्रश्न खोटा म्हणता येत नाही. विरोधी बाकावरून मागणी लावून धरता येते, मंजुरीवर सही करता येत नाही. प्रदीर्घ निष्ठेची ही किंमत त्यांच्याबरोबर मतदारांनीही मोजली.

नागपूरच्या वाचकाला त्यांचे दुसरे एक काम अधिक भिडावे. सांगोला हा काही कापसाचा तालुका नव्हे. तेथे शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली, स्त्रियांसाठी निराळी सूतगिरणीही झाली, आणि दोन्हींमागे गणपतराव होते. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये ज्या नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, ज्या विदर्भात पांढरे सोने पिकते, तेथील गिरण्यांचे भोंगे एकामागून एक बंद झाले. आपल्यापैकी कित्येक घरांची सरकी-कापसाची पेढी त्या भोंग्यांबरोबरच थंडावली. कच्चा माल दाराशी असणे हे उद्योगाचे अर्धेच भांडवल. उरलेले अर्धे हिशेबाच्या शिस्तीचे असते. सहकारातील किती संस्था संचालकांच्या मोटारींखाली दबून गेल्या, हे बँकांच्या थकबाकीच्या याद्या वाचणाऱ्यांना ठाऊक आहे.

मोटारीवरून पुन्हा त्यांच्या प्रवासाकडे यावे लागते. आमदारांसाठी एस.टी.मध्ये राखीव आसन असते. त्या आसनाचा उपयोग मनापासून करणारे म्हणून गणपतराव ओळखले गेले. याचे वर्णन बहुधा साधेपणाची गोष्ट म्हणून होते. त्यात व्यवहारही होता. एस.टी.त बसलेल्या आमदाराला शेजारच्याचे ऐकून घ्यावेच लागते; काच वर करून घेता येत नाही. २०१४ मध्ये विधानसभेच्या उमेदवाराला २८ लाख रुपये खर्चाची कायदेशीर मर्यादा होती, ती २०२२ पासून ४० लाख झाली. प्रत्यक्षात किती उधळले जातात याची कुजबुज प्रत्येक बाजारपेठेत असते, आणि देणगीची पावती न मागता पाकीट देणारे हात कोणाचे असतात हेही बाजारपेठेला माहीत असते. आचार्य तुलसींनी १९४९ मध्ये सुरू केलेल्या अणुव्रत आंदोलनात निवडणुकीत अनैतिक मार्ग न धरण्याचे एक व्रत आहे. उमेदवारासाठी ते कठीण आहेच, देणगीदारासाठीही सोपे नाही. परिग्रहाची मर्यादा आपण पर्युषणात ऐकतो. सांगोल्याच्या या वकिलाने जैन परिभाषेतील एकही शब्द न उच्चारता ती मर्यादा अर्धशतक सार्वजनिक जीवनात पाळली. मोठ्या खर्चाची सवयच लावून न घेतल्यामुळे निवडून आल्यावर कोणाचे देणे फेडण्याचीही वेळ आली नाही.

२०१४ च्या निवडणुकीत देशभर नव्या लाटेची चर्चा होती. शेकापला साऱ्या राज्यात तीन जागा मिळाल्या, त्यांतील एक सांगोल्याची. नव्वदीकडे झुकलेल्या गणपतरावांना ९४,३७४ मते पडली आणि ते २५,२२४ मतांनी विजयी झाले. पराभूत उमेदवार होते शहाजीबापू पाटील, १९९५ मध्ये १९२ मतांनी जिंकलेले.

नंतरचा इतिहास थोडक्यात असा. २०१९ मध्ये त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले आणि शिवसेनेतर्फे लढलेल्या त्याच शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी हरले. आजोबांची पत नातवाच्या खात्यावर आपोआप वर्ग होत नाही, हे मतदारांनी फार मोठा फरक न ठेवता सांगितले. ३० जुलै २०२१ रोजी सोलापूर येथे गणपतरावांचे निधन झाले. २०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी शहाजीबापूंना पराभूत केले. त्या निवडणुकीत शेकापला साऱ्या महाराष्ट्रातून ही एकच जागा मिळाली. डिसेंबरमध्ये नागपूरला अधिवेशन भरले, तेव्हा पक्षाच्या वतीने सभागृहात बसलेला एकमेव आमदार सांगोल्याचा होता.