चप्पल निसटली, पण कळलंच नाही : व्यायाम आणि आपली मज्जासंस्था

आजचा भाग जरा घरचा आहे.

मागच्या वर्षी नवरात्राच्या तीन महिने आधी मी पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, बांधावरून घराकडे येत होते आणि पायात एकच चप्पल. मी म्हटलं, "अण्णा, दुसरी कुठंय?" त्यांनी खाली बघितलं. चप्पल कधी निसटली ते त्यांना कळलंच नव्हतं. आई हसली, मीही हसलो. रात्री मात्र मला झोप लागेना. अण्णांना बारा वर्षांपासून शुगर आहे आणि दर नवरात्रात ते मोहटादेवीला अनवाणी चालत जातात. ज्या पायाला चप्पल गेलेली कळत नाही, त्याला काटा कसा कळणार? तापलेलं डांबर कसं कळणार?

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मधुमेहामुळे पायाच्या नसांना इजा झालीय, याला न्यूरोपॅथी म्हणतात. गोळ्या दिल्या आणि शेवटी सांगितलं : रोज चाला. माझ्यातला इंजिनिअर तिथंच अडला. चालण्याचा आणि नसेचा काय संबंध? तेच आज बघू.

आधी एक घोळ सोडवू. आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. आज बोलतोय ते मज्जातंतूंबद्दल. मेंदू, पाठीच्या कण्यातली मज्जारज्जू आणि तिथून अंगभर पसरलेले तंतू, ही सगळी मिळून मज्जासंस्था. पायाच्या बोटांची खबर मज्जारज्जूपर्यंत नेणारा तंतू एकाच पेशीचा असतो आणि मोठ्या माणसात जवळपास मीटरभर लांब! ही वायर जिवंत आहे. तिलाही रक्त लागतं, प्राणवायू लागतो. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की तंतूंनाही इजा होते आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही खराब होतात. सगळ्यात लांब तंतूंना फटका आधी, म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होऊन मोजा चढवल्यासारखा वर सरकतो.

मग व्यायाम नेमकं काय करतो?

पहिलं काम साखरेचं. चालताना पायाचे मोठे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि काम चालू असताना त्यासाठी त्यांना इन्सुलिनवर अवलंबून राहावं लागत नाही. शिवाय पुढचा काही काळ शरीर इन्सुलिनला जास्त चांगली दाद देतं. साखर आटोक्यात, रक्तपुरवठा चांगला, म्हणजे तंतूंवरचा मारा कमी.

दुसरं काम तालमीचं. नवीन पोरगं तालमीत जायला लागलं की दोन-तीन आठवड्यांतच त्याच्या जोर-बैठका वाढतात, पण दंड तर तेवढेच दिसतात. कारण सुरुवातीची ताकद बरीचशी मज्जासंस्थेची असते. एका वेळी किती स्नायुतंतू कामाला लावायचे, हे ती शिकत असते. तोल सांभाळणंही असंच सरावानं सुधारतं. पायाची खबर अर्धवट येत असेल, तर डोळे, कान आणि उरलेल्या संवेदना मिळून ती कसर काही प्रमाणात भरून काढायला शिकतात.

तिसरं काम मेंदूत. २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२० ज्येष्ठ माणसं होती. निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून तीनदा भरभर चालायचं, निम्म्यांनी फक्त ताणाचे हलके व्यायाम करायचे. वर्षअखेरीस चालणाऱ्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मरणशक्तीशी जोडलेला भाग, सरासरी २ टक्क्यांनी वाढला होता. दुसऱ्या गटात तो घटला होता.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं. त्यांचं उत्तर ठरलेलं : "आरं, दिसभर शेतात हिंडतो की मी! अजून कसला व्यायाम?" मग आम्ही दोघांनी मिळून हिशोब केला. पूर्वी विहिरीवर पायी जायचे, आता मोटरसायकल. पाण्याची मोटार मोबाईलवरून चालू होते. पेरणी-काढणी सोडली तर अंगमेहनत बरीच कमी झालीय. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, जोडीला दोन दिवस ताकदीचे. पासष्टीपुढे आठवड्यातून तीन दिवस तोलाचे. अण्णांची बेरीज पन्नासच्याही पुढं जाईना.

आम्ही असं ठरवलं : रोज सकाळी अर्धा तास भरभर चालणं, पायात मोजे आणि बंद बूट. संध्याकाळी खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं आणि भिंतीजवळ एका पायावर उभं राहणं. खिशात साखरेची पुडी, कारण मधुमेहाच्या काही औषधांवर असताना साखर अचानक उतरू शकते. घाम, थरथर, चक्कर आली की थांबायचं.

तीन महिन्यांनी बधिरपणा गेला का? नाही. खोटं सांगणार नाही. गेलेली संवेदना परत येईलच असं नसतं. पण शुगर उतरली, आणि पायजमा घालताना अण्णा आता भिंत धरत नाहीत. पडणं टळलं हेही थोडं नाही.

नवरात्र आलं तेव्हा प्रश्न अनवाणी जाण्याचा होता. "देवीला काय वाटंल?" असं अण्णा म्हणाले. आई म्हणाली, "देवीला तुमचं पाय शाबूत हवेत." अण्णा बूट घालून गेले. रात्री मी पाय तपासले तर टाचेला फोड आलेला. त्यांना पत्ताच नव्हता! अनवाणी असते तर काय झालं असतं, हा विचार नको वाटतो. न कळलेली जखम चिघळते आणि पाय कापायची वेळ अशाच जखमेतून येते.

आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. फारशी शाळा न शिकलेली बाईसुद्धा शेजाऱ्याचा आजार वेळेत ओळखू शकते, हे त्यांनी दाखवून दिलं. मग आपण घरात एवढं नक्कीच करू शकतो. घरात शुगरचं माणूस असेल तर आज रात्री त्यांना डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा ठिकाणी आपल्या बोटाच्या टोकानं एक-दोन सेकंद हलकं टेकवा. दाबायचं नाही, टोचायचं नाही. कळलं की त्यांनी सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर डॉक्टरांकडे जा. आणि सगळं कळलं, तर उद्या सकाळपासून त्यांच्याबरोबर तुम्हीही चालायला लागा.

भेटू पुढच्या भागात!