शेपटीवाल्या मोटारी

हॉलिवूडच्या जुन्या चित्रपटांतली, अख्खा रस्ता व्यापून डौलात जाणारी ती लांबलचक मोटार आठवते? पुढे क्रोमियमचा लखलखता जबडा, मागे माशाच्या परांसारख्या दोन शेपट्या. या शेपट्या प्रथम उगवल्या १९४८ च्या कॅडिलॅकवर. जनरल मोटर्सचे रचनाकार हार्ली अर्ल यांना ही कल्पना सुचली ती महायुद्धातलं पी-३८ हे लढाऊ विमान पाहून. पुढे शेपटी वाढतच गेली. १९५९ ची कॅडिलॅक तर आता उडते की काय, असं वाटावं! उपयोग काय, हे विचारायचं नाही. पेट्रोल स्वस्त होतं, १९५६ च्या कायद्यानं महामार्गांचं जाळं विणायला घेतलं होतं आणि अमेरिका खुशीत होती.

त्याच १९५९ ची एक शेव्हरोले बेल एअर तिथल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेनं २००९ मध्ये मुद्दाम आदळवली, त्याच कंपनीच्या पन्नास वर्षांनी धाकट्या मालिबूवर. दोघींचा वेग ताशी सुमारे ६४ किलोमीटर. ‘जुनं लोखंड दणकट’ ही समजूत आपल्याकडेही आहेच की! मालिबूतल्या पुतळ्याच्या पायावर निभावलं. बेल एअरमध्ये मात्र चालकाची जागाच चेपली. पुतळ्याऐवजी माणूस असता तर वाचला नसता.

ती चित्रफीत पाहून जुन्या गाड्यांचे शौकीन हळहळले, ते गाडीसाठी. एवढी देखणी गाडी फोडलीत कशाला? खरं सांगू, क्षणभर मलाही तसंच वाटलं.