पाडव्याचा स्वयंपाक आणि घरातली मराठी

चैत्र शुद्ध प्रतिपदा जवळ आली की सीमाभागातल्या घराघरांत पुरणाचा बेत ठरतो. रब्बीचा गहू-हरभरा घरात आलेला असतो, गुऱ्हाळाचा गूळ असतो. सणाचे हे ताट म्हणजे एका अर्थी आपल्या शिवाराचेच ताट होय. यंदा पालकांनी या ताटाकडे भाषेच्या अंगानेही पाहावे, अशी आम्हा शिक्षक मंडळींची विनंती आहे.

आपल्या भागातली पुष्कळ मुले आज कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यात मुलांचा दोष नाही. परंतु त्यांच्या कानांवर पडणारी मराठी बहुधा 'जेव', 'झोप', 'अभ्यास कर' एवढ्यावरच थांबते. वर्गात आम्ही 'तिंबणे म्हणजे काय?' असे विचारतो, तेव्हा मराठी शाळेतली मुलेसुद्धा एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. पोळ्या पाकिटातून येऊ लागल्या, मग हा शब्द मुलांना भेटणार तरी कुठे?

म्हणून पाडव्याला मुलगा असो वा मुलगी, त्यांना स्वयंपाकघरात बोलवावे आणि कामाला लावावे. १ किलो हरभऱ्याच्या डाळीला साधारण १ किलो गूळ, हा हिशेब त्यांच्याकडूनच करून घ्यावा. डाळ भरपूर पाण्यात शिजवायची. ती बोटचेपी झाली की चाळणीत उपसायची आणि खाली निथळलेला कट आमटीसाठी राखून ठेवायचा. डाळीत गूळ घालून आटवायचे. उलथने पुरणात उभे राहिले की पुरण झाले. वेलदोडा, जायफळ घालून ते गरम असतानाच वाटायचे; गार झाले की घट्ट होते आणि हात दुखतात. कणीक मात्र सैल भिजवून, तेलाचा हात लावून चांगली तिंबायची आणि तासभर मुरू द्यायची. मग उंडा भरायचा, पिठीवर हलक्या हाताने लाटायचा आणि पोळी खरपूस भाजायची.

एवढ्या कामात उपसणे, निथळणे, आटणे, तिंबणे, मुरणे, लाटणे अशी किती क्रियापदे आली पाहा! भाजणे आणि करपणे यांतला फरक मुलाला तव्यापाशी जितका चटकन कळतो, तितका फळ्यापाशी कळत नाही. कटाच्या आमटीला खोबरे, जिरे, चिंच आणि फोडणी पडली की दुसऱ्या दिवशी ती आणखी मुरते. 'मुरणे' शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला सापडलेले नाही.

याच दिवशी आपल्या कन्नड शेजाऱ्यांचा युगादी असतो. आपण कडुलिंबाचा कोवळा पाला गूळ, जिरे, ओवा घालून खातो; त्यांच्याकडे बेवु-बेल्ल, म्हणजे कडुलिंब आणि गूळच, असतो. आपली पोळी ती त्यांची होळिगे. आपल्या कटाला ते 'कट्टु' म्हणतात आणि आपल्या तुपाला 'तुप्प'. दोन्ही घरांतून ताटे एकमेकांकडे जातात, तशी त्यांची नावेही मुलांना दोन्ही भाषांत माहीत असावीत. शेजारची भाषा शिकल्याने आपली भाषा कमी होत नाही. आपलीच घरात बोलली नाही तर मात्र ती जाते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा आपल्याला आनंद झालाच. पण ज्या मुलाला शाळेत मराठी विषयच नाही, त्याच्या हाती मराठी अक्षर देणे हे घरचेच काम आहे. त्यासाठी एक सोपा उपाय सुचवतो. पाडव्याला दुपारची जेवणे आटोपली की मुलाने वही घेऊन आजीजवळ बसावे. आजीने पुरणपोळीची कृती सांगावी आणि मुलाने ती तिच्याच शब्दांत, देवनागरीत उतरवून घ्यावी. आजी 'येळवणी' म्हणाली तर 'येळवणी'च लिहावे. पुस्तकातला शब्द शोधत बसू नये. शुद्धलेखनाच्या चुका मागाहून सुधारता येतात.

पुढे नागपंचमीची दिंडे, गणपतीचे मोदक, दिवाळीची कडबोळी अशी पाने भरत जावीत. वर्षाअखेरीस मुलाच्या हस्ताक्षरातली दहा-बारा पाने होतील. ती वही घेऊन पालकांनी आमच्याकडे यावे. आम्ही आनंदाने तपासून देऊ.